‘ऑब्लेशन’ या शब्दाचा अर्थ व उगम

इंग्रजी प्रार्थनापुस्तकें वाचणाऱ्या भाविकांस ‘ऑब्लेशन’ हा शब्द अपरिचित नाहीं. मराठींत आपण त्यास ‘अर्पण’ म्हणून पुढें जातों. ज्युबिलीच्या प्रसंगीं कोणी किती दिलें याचा हिशेब साहजिकच होतो. म्हणून देणें म्हणजे काय, हें या शब्दासच विचारून पाहावें असें आम्हांस वाटलें.

हा शब्द पंधराव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंच भाषेच्या वाटेनें इंग्रजींत आला. त्याचें मूळ लॅटिन ‘ओब्लातिओ’. लॅटिनमधील ‘ऑफेर्रे’ या क्रियापदाचा अर्थ ‘समोर वाहून नेणें’ असा आहे. त्याचें भूतकाळचें धातुसाधित, ‘ओब्लातुस’, निराळ्या धातूवरून होतें. इंग्रजीनें दोन्ही रूपें घेतलीं. ‘ऑफर’ हा शब्द ख्रिस्ती धर्माबरोबर प्राचीन इंग्रजींतच रुळला व पुढें बाजारांतही गेला. ‘ऑब्लेशन’ वेदीपाशींच राहिला.

याहून नवलाची गोष्ट अशी कीं, ‘फेर्रे’ हा संस्कृत ‘भृ’ धातूचा सगोत्र असून आपला ‘भार’ शब्द त्याच कुळांतला. ‘लातुस’चें नातें भाषाशास्त्रज्ञ ‘तुला’ शब्दाशीं लावतात. ‘अर्पण’ म्हणजे मुळांत ‘पोंचविणें’, आणि हिब्रू ‘कोर्बान’ शब्दाचा धातू ‘जवळ येणें’ असा आहे. सारांश, या शब्दांच्या मुळाशीं वस्तू नसून ती घेऊन जवळ जाणें आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनीं बळी व अर्पण यांत भेद केला आहे. अर्पिलेल्या वस्तूवर कांहीं संस्कार घडला, जसें भाकर आशीर्वादून मोडली, तर तो बळी. ती नुसती देवापुढें ठेविली तर तें अर्पण. म्हणून प्रत्येक बळी अर्पण असतो, परंतु प्रत्येक अर्पण बळी नसतें. संत बेनेदिक्त यांच्या सहाव्या शतकांतील नियमावलींत, ५९ व्या प्रकरणांत, आईबाप आपलें मूल मठास वाहतांना त्याचा हात वेदीच्या वस्त्रांत गुंडाळीत, असें सांगितलें आहे. अशा मुलास ‘ओब्लातुस’ म्हणत. जर्मन भाषेंत पातळ पापडीसारख्या भाकरीस आजही ‘ओब्लाते’ म्हणतात.

रोमन उपासनेंत पूर्वीं भाविक स्वतः भाकर व द्राक्षारस वेदीकडे आणीत. मध्ययुगांत, विशेषतः अकराव्या शतकानंतर, त्यांची जागा पैशानें घेतली व ती मिरवणूक बहुतेक ठिकाणीं लोपली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ सालीं जाहीर झालेल्या मिस्सा-विधींत तिचें पुनरुज्जीवन झालें.

पैसा हलका आहे असें आमचें म्हणणें नाहीं. विधवेच्या दोन नाण्यांचें मोल प्रभूनेंच सांगितलें आहे. परंतु नाणें पेटींत टाकून आपण दूर उभे राहूं शकतों. ऑब्लेशन मात्र दात्यास आपल्याबरोबर वेदीपर्यंत ओढून नेतें. देणगीदारांची यादी छापणें योग्यच. पण ज्यांच्याजवळ देण्यास केवळ हात होते, ज्यांनीं भल्या पहाटे येऊन मंदिर झाडलें, दिवे पुसले, त्यांचीं नांवें कोणत्याही यादींत नाहींत. या शब्दाच्या मूळ अर्थानें पाहतां पहिले दाते तेच होत. त्यांचें स्मरण राहावें, एवढ्यासाठीं हा प्रपंच.