हाकोनेची सासू आणि वज्रेश्वरीची भिशी

गेल्या शनिवारी लिहायचं ठरवलं होतं ते राहिलं, कारण शनिवार-रविवार दोन्ही दिवस रिलीजमध्ये गेले. या शनिवारी मॅनेजरसाहेब मेहुण्याच्या लग्नाला गेलेत, तेव्हा बसतो लिहायला.

तर झालं असं. २०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही ग्रुप टूरने जपानला गेलो होतो. मी, आई-बाबा आणि आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. काकूंचं वय तेव्हा बहात्तर. बसमध्ये आम्ही एकतीस जण, बरोबर खाकरे, चिवडा, लोणच्याची पाकिटं, आणि फुजी दिसला की एकदम एकतीस मोबाईल वर. टूर कशी असते तुम्हाला माहीत आहेच.

हाकोनेच्या हॉटेलात तळमजल्यावर ओनसेन होतं. ओनसेन म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नानगृह. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, दारावर कापडी पडदा. टूर मॅनेजरने नियम सांगितले: आधी बाहेर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची आणि मग कुंडात उतरायचं, अंगावर एक धागाही न ठेवता. बसमध्ये अशी शांतता पसरली की विचारू नका. आई म्हणाली, तिला सर्दी आहे. मग एकेक करून सगळ्याच बायकांना सर्दी झाली. संध्याकाळी बायकांपैकी फक्त काकू पंचा घेऊन खाली गेल्या आणि पाऊण तासाने लालबुंद होऊन वर आल्या. आईने विचारलं, कसं होतं? काकू म्हणाल्या, "पाणी बरंय. पण वज्रेश्वरीचं जास्त कडक."

दुसऱ्या दिवशी हाकोनेचा जुना नाका बघितला. तोकुगावा राजवटीत एदोला (म्हणजे आजच्या तोक्योला) जोडणाऱ्या तोकाइदो रस्त्यावर १६१९ मध्ये हा नाका बसवला आणि १८६९ मध्ये उठवला. आता २००७ पासून तो जुन्यासारखा पुन्हा बांधून ठेवलाय. या नाक्यांविषयी जपानीत एक म्हणच आहे, तिचा मतलब असा: आत येणाऱ्या बंदुका आणि बाहेर जाणाऱ्या बायका, दोन्हींवर नजर ठेवा. सरदारांची बायका-मुलं एदोत एक प्रकारे ओलीस असत. ती निसटली तर सरदार बंड करायला मोकळा! म्हणून एदोतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईचा परवाना तपासायचा, आणि परवान्यात लिहिलेली बाई तीच का, हे बघायला नाक्यावर खास बायका नेमलेल्या. त्या केस सोडायला लावून तपासत. तो प्रसंग तिथे पुतळे करून मांडलाय. काकू पुतळ्यासमोर थांबल्या, मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी त्या तपासणाऱ्या बाईकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "सासू."

आम्ही हसलो. पण परत आल्यावर मला हा विषय सुटेना. आमच्या धंद्यात एखादा बग दोनदा वेगवेगळ्या ठिकाणी दिसला की मूळ एकच असणार असं समजतात. तसंच काहीसं.

त्या काळातल्या जपानी शेतकऱ्याला वाटेल तेव्हा गाव सोडून हिंडायची मुभा नव्हती. पण दोन कारणं सहसा चालून जात: देवदर्शन आणि औषधी स्नान. औषधी स्नानाचा कोर्स सात-सात दिवसांचा असे. देवदर्शनात सगळ्यात मोठं इसेचं मंदिर. आता इसेला पायी जायचं म्हणजे एदोहून दोन आठवड्यांची वाट, आणि खर्च एकट्याच्या ऐपतीबाहेरचा. म्हणून गावोगाव 'को' नावाची मंडळं असत. दरवर्षी सगळ्यांनी वर्गणी काढायची, चिठ्ठी टाकायची, ज्याचं नाव निघेल तो सगळ्यांच्या वतीने इसेला जाऊन येणार. पुढच्या वर्षी दुसरा. वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. अहो, ही भिशी आहे! हप्ता तोच, चिठ्ठी तीच, फक्त पैशांऐवजी प्रवास लागतो.

आणि एकदा देवाच्या नावाने दार उघडलं की वाटेत काय काय व्हायचं! हाकोनेच्या युमोतो गावात गरम पाणी होतं, आणि इसेला निघालेली ही भिशीमंडळं तिथे एक रात्र मुक्काम ठोकायला लागली. शेजारच्या अधिकृत मुक्कामाच्या गावांनी १८०५ मध्ये तक्रार केली, की औषधी स्नान म्हणजे सात दिवसांचं, एका रात्रीचं कसलं औषध? हे आमचं गिऱ्हाईक पळवतायत! निकाल युमोतोच्या बाजूने लागला. आमच्या टूरचा 'हाकोने, एक रात्र' हा कार्यक्रम म्हणजे त्या निकालाचाच नातू समजायचा :)

मला सगळ्यात आवडलेला प्रकार मात्र चोरून जाण्याचा. नोकर, पोरं, सुना घरात न सांगता इसेला पळायच्या. परत आल्यावर शिक्षा व्हायला हवी, पण बरोबर मंदिराचा ताईत आणला असेल तर सहसा माफ! देवाला गेली होती म्हटल्यावर कोण बोलणार? काही काही वर्षी तर पूरच यायचा. १८३० मध्ये काही महिन्यांत चाळीस लाखांहून जास्त लोक इसेला गेले, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या होती तीन कोटींच्या आसपास. जपान्यांना प्रवासाहून येताना सगळ्यांसाठी काहीतरी आणायचंच असा जो धाक असतो (स्टेशनवर खोक्यांची ती अफाट दुकानं बघितली असतील), त्याची एक मुळी इथे दिसते. ज्यांच्या वर्गणीवर तुम्ही गेलात त्यांच्या हातावर काही ठेवायला नको?

हे सगळं मी काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी चहा गाळता गाळता स्वतःची गोष्ट सांगितली.

काकू १९६८ मध्ये लग्न होऊन डोंबिवली पश्चिमेच्या एका चाळीत आल्या. चाळीत चौदा बायकांची भिशी होती, महिना दोन रुपये. त्यातले आठ आणे चिठ्ठीत न टाकता एका डब्यात बाजूला. वर्षाचे झाले चौऱ्याऐंशी रुपये. माघात थंडी असताना सगळ्या मिळून वज्रेश्वरीला. लोकलने कल्याण, तिथून एसटीने भिवंडी, मग अंबाडीवरून पुढे. रात्री धर्मशाळेत, पहाटे चारला अंधारात अकलोलीच्या कुंडावर आंघोळ, मग दर्शन, मग बाजार, संध्याकाळी घरी. काकू पहिल्यांदा गेल्या १९७२ साली. पंचवीस वर्षांच्या होत्या, पदरात दोन मुलं. "सिनेमाला सोडलं नसतं हो सासूबाईंनी. माहेरीसुद्धा वर्षातून एकदा. पण देवीला नाही कशी म्हणणार? आणि माझ्या पायाला इसब होतं, त्यालाही ते पाणी चांगलं म्हणत."

म्हणजे देवदर्शन आणि औषधी स्नान. काकूंकडे दोन्ही परवाने होते.

इसब गेलं का, हे विचारल्यावर त्या म्हणाल्या की ते डोंबिवलीतल्या डॉक्टरच्या मलमाने गेलं, पण हे त्यांनी घरी काही वर्षं सांगितलं नाही.

आता वज्रेश्वरी. माझ्यासारख्या डोंबिवलीकराला ते नाव शाळेच्या सहलीमुळे आणि भिवंडीच्या ट्रॅफिकमुळे माहीत. देऊळ कोणी बांधलं हे मला चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतं, याची थोडी लाज वाटते. वसईच्या मोहिमेतलं ते देऊळ. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध उत्तर कोकणात मोहीम उघडली, त्याच वर्षी ठाणं घेतलं. वसई मात्र दोन वर्षं हाती येईना. सेनापती बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा. परंपरा सांगते की तानसा नदीकाठच्या वडवली गावी त्यांचा तळ असताना त्यांनी देवीला नवस बोलला: वसई मिळू दे, तिथल्या किल्ल्यासारखं देऊळ बांधीन. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकडून देऊळ उभं राहिलं. देवी मूळची उत्तरेकडच्या गुंजची, पोर्तुगीजांच्या उपद्रवामुळे इकडे आली असंही सांगतात. पुढे वडवली हे नाव मागे पडलं आणि गावच वज्रेश्वरी झालं.

तिथे गेलात तर बावन्न पायऱ्यांच्या खाली उभं राहून एकदा वर बघा. देवळाला शिखर असतं हे आपण गृहीत धरतो, पण इथे आधी दिसतो तो तट आणि नगारखान्याचा दरवाजा. किल्लाच. शत्रूचा जो किल्ला दोन वर्षं डोकं फोडूनही मिळेना, त्याचा नमुना देवीला घर म्हणून दिला. चिमाजी अप्पा स्वतः मात्र ते सुख फार भोगू शकले नाहीत. तब्येत आधीपासून नाजूक, १७४० च्या एप्रिलमध्ये बाजीराव गेले, आणि डिसेंबरात तेही.

पण गरम पाणी देवळाच्या कितीतरी आधीचं. राक्षसांचं देवीने निर्दालन केलं, त्यांचं रक्त अजून ऊन आहे, तेच हे झरे, अशी कथा आहे. हाकोनेच्या पाण्याखाली खरोखर ज्वालामुखी आहे. आपल्याकडे तसं काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. अशा झऱ्यांची एक माळच कोकणात उत्तर-दक्षिण पसरलीय: पालघरकडचं सातिवली, मग आपलं गणेशपुरी-अकलोली, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, आणि पार राजापूरचं उन्हाळे. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे... नावातच ऊन पाणी आहे. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास, अकलोलीचं पन्नासच्या आगेमागे. तेव्हा काकूंचं निरीक्षण बरोबर. हॉटेलचं कुंड साधारण चाळीस-बेचाळीसला ठेवलेलं असतं.

शेजारच्या गणेशपुरीची गोष्ट वेगळ्या लेखाची आहे. नित्यानंद स्वामी १९३६ च्या सुमारास तिथे येऊन राहिले, १९६१ मध्ये त्यांनी समाधी घेतली, मग मुक्तानंदांच्या काळात अमेरिकन भक्तांची रीघ लागली. काकूंनी सत्तरच्या दशकात पहिला गोरा माणूस जवळून बघितला तो तिथे, कुंडाच्या कडेला सोवळ्यासारखं धोतर नेसलेला. असो.

काकूंना परत एकदा घेऊन जायचं असं जपानहून आल्यापासून चाललं होतं. मग लॉकडाऊन, मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. शेवटी गेल्या डिसेंबरात एका रविवारी बिल्डिंगने टेम्पो ट्रॅव्हलर केला, सतरा जण. भिशीच्या चौदा जणींपैकी आता काकू धरून तिघी आहेत, त्यातल्या दोघी बरोबर होत्या. काकूंनी पिशवीत जुनं नऊवारी घेतलेलं, पाण्यात उतरायला.

अकलोलीला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. भिवंडीने नेहमीप्रमाणे दीड तास खाल्ला. कुंडांवर रविवारची गर्दी. रामेश्वराच्या देवळाशी पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं उड्या मारत होती, पाण्यावर साबणाचा फेस आणि शाम्पूच्या पुड्या. जपानात १९४८ चा ओनसेन कायदा आहे. झऱ्याचं पाणी पंचवीस अंश तरी हवं किंवा एकोणीस द्रव्यांपैकी एखादं ठरलेल्या प्रमाणात हवं, आणि पाण्यात काय काय आहे त्याचा कागद भिंतीवर लावायचा. मी सवयीने कागद शोधत होतो. एक फलक सापडला, पण त्यावर या पाण्याने बरे होणारे रोग होते.

काकू काठावर उभ्या राहिल्या. समोरच्या कट्ट्यावर चार-पाच तरुण मोबाईल धरून उभे होते. एकमेकांचे व्हिडिओ काढत असतील, नसतीलही. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि पिशवीची चेन लावली. "पहाटे अंधार असायचा," एवढंच म्हणाल्या. परक्या देशात, परक्या बायकांत काहीही न नेसता उतरलेल्या या बाई, नऊवारी नेसूनही इथे उतरल्या नाहीत. साडी जरा वर धरून कडेला बसल्या आणि घोट्यापर्यंत पाय पाण्यात सोडले. दुसऱ्या काकू शेजारी बसल्या. मी आणि बाबा त्या कट्ट्याच्या आणि त्यांच्या मध्ये पाठ करून उभे राहिलो. वीसेक मिनिटं झाली असतील. मागे दोघी कोणाच्या तरी सासूबद्दल बोलत होत्या आणि हसत होत्या.

पुढे देवळात बावन्न पायऱ्या नवीन गुडघ्याने, थांबत थांबत, पण चढल्या. खाली आल्यावर बाजारात तासभर. कुंकू, हिरव्या बांगड्या, पेढे, फुटाणे. मी म्हटलं, काकू, एवढे पेढे कशाला, डोंबिवलीत मिळतात की. तर म्हणाल्या, "बिल्डिंगमध्ये वाटायला नको? मग गेले होते हे कळणार कसं?"

वाटायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, सोळा पुड्या. लिफ्ट बंद होती.