फ्रिजमधला हिवाळा

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कच्या पश्चिम टोकाला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, एक डच पवनचक्की आहे. १९०३ साली ती उभी राहिली ती शोभेसाठी नव्हे. वाळूच्या टेकड्यांवर बाग उठवायची होती, त्यासाठी जमिनीतलं पाणी उपसायला ती हवी होती. आज तिच्या पायथ्याशी नेदरलँड्सच्या राणी विल्हेल्मिनाच्या नावाची ट्यूलिपची बाग आहे. वसंतात तिथे मोबाइल उंच धरून उभ्या असलेल्या गर्दीत आपल्यासारखे आयटीवाले भरपूर दिसतात. फोटो मीही काढतो. पण मला जास्त कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं: हे फूल या हवेत मुळात यायलाच नको.

ट्यूलिप मूळचं मध्य आशियातलं, तिएन शान आणि पामीरच्या डोंगरांतलं. उन्हाळा कोरडा ठणठणीत, हिवाळा बर्फाखाली. काबूलच्या आसपास बाबरानं रानटी ट्यूलिप मोजायला लावली, ती ३२-३३ प्रकारची भरली आणि त्यानं ते बाबरनाम्यात लिहून ठेवलं. (राज्य मिळवायच्या धावपळीत माणूस फुलं मोजतो, हे मला त्याच्याबद्दल सगळ्यात आवडतं.) पुढे इस्तंबूलमध्ये या फुलाचं इतकं वेड लागलं की १७१८ ते १७३० या काळाला नंतरच्या इतिहासकारांनी नावच दिलं ‘लाले देवरी’, म्हणजे ट्यूलिपचा काळ. त्याआधीच ते युरोपात पोचलं होतं. १५५९ मध्ये कॉनराड गेसनरनं ते आउग्सबुर्गच्या एका बागेत पाहिलं, आणि क्लूसियसनं लायडनच्या बागेत लावलेली ट्यूलिप १५९४ मध्ये फुलली. १६३७ ला हॉलंडमध्ये ट्यूलिपचा बाजार कसा कोसळला, ते तुम्ही क्रिप्टोवरच्या प्रत्येक दुसऱ्या व्हिडिओत ऐकलं असेल, म्हणून सोडून देतो.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट कायम होती. ट्यूलिप जिथे रमलं तिथे हिवाळा फुकट मिळत होता.

त्या हिवाळ्याचं नेमकं काम काय, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. वाखेनिंगेनला आन्तोन ब्लाऊ नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १९२० च्या दशकात त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या तापमानात ठेवलेले कंद कापून आत काय चाललंय ते पाहिलं. मला हा माणूस बाजारातल्या सगळ्या सटोडियांपेक्षा मोठा वाटतो. ट्यूलिपचं फूल थंडीत तयार होत नाही. पानं वाळली, कंद निपचित पडला, की भर उन्हाळ्यात त्याच्या पोटात पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर असं सगळं बारीक रूपात घडतं. शरद ऋतूत कंद उभा चिरला तर भिंगाखाली अख्खं फूल दिसतं. म्हणजे कोड लिहून तयार आहे, फक्त डिप्लॉय व्हायचंय.

ती परवानगी थंडी देते. साधारण २ ते ९ अंश तापमानात १२ ते १६ आठवडे गेले की कंदातल्या स्टार्चची साखर होऊ लागते आणि नंतर ऊब मिळताच दांडा झपाट्यानं वाढतो. थंडी कमी पडली तर फूल पानांच्या बेचक्यात बुटकं उमलतं किंवा आतच सुकून जातं. झाडाच्या बाजूनं बघितलं तर हिशेब बरोबर आहे. ऑक्टोबरातल्या चार उबदार दिवसांना फसून वर आलं, तर पुढचं बर्फ त्याला मारून टाकेल.

आपल्याकडच्या कांद्याचं याच्या उलट आहे. थंडी लांबली की नाशिककडच्या शेतात कांद्याला डेंगळे येतात आणि शेतकरी कपाळाला हात लावतो. कांद्यात थंडी फूलच घडवते. ट्यूलिपमध्ये घडलेलं फूल बाहेर काढते.

सॅन फ्रान्सिस्कोत जानेवारीच्या रात्रीही पारा सरासरी ७-८ अंशांवर असतो, दिवसा त्याहून चांगलाच वर. तेवढ्यानं भागत नाही. म्हणून इथले बागवाले कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दीड-दोन महिने, जमल्यास जास्त, ठेवतात आणि डिसेंबर-जानेवारीत लावतात. आमच्या फ्लॅटमध्येही एकाला हा नाद आहे. त्या दिवसांत सफरचंदं फ्रिजबाहेर, कारण त्यातून निघणारा इथिलीन वायू आतलं फूल मारतो. पिशवीवर मार्करनं लिहिलेलं असतं: ‘लसूण नाही’.

ती पाटी वाचून मला हसू येतं, आणि मग १९४४-४५ चा डच हिवाळा आठवतो. जर्मनांनी अन्नाची वाट अडवली, सुमारे २० हजार माणसं दगावली आणि लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. मधला पिवळा कोंब काढून टाकायचा, कारण तो बाधतो. फुलासाठी साठवलेला स्टार्च माणसांच्या पोटात गेला.

फ्रिजच्या हिवाळ्याला मर्यादा आहे. इथे एकदा फुललेला कंद पुढच्या वर्षी सहसा नीट फुलत नाही. उपटून खतात टाकतात आणि नवे मागवतात. मला ही उधळपट्टी वाटते. क्रीटचं ट्यूलिपा सॅक्सॅटिलिस किंवा क्लूसियसच्याच नावाचं ट्यूलिपा क्लूसियाना सौम्य हिवाळ्यातही वर्षानुवर्षं येतं. ते बुटकं असतं, फोटोत भाव खात नाही, एवढंच.

पण कंद निदान फ्रिजमध्ये मावतो. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या पिस्त्यालाही थंडीचे ठरावीक तास लागतात. २०१४-१५ चा हिवाळा उबदार गेला, नर आणि मादी झाडांच्या फुलण्याचा मेळ चुकला, आणि त्या वर्षी कितीतरी टरफलं आतून रिकामी निघाली. आता तिथे ऐन हिवाळ्यात झाडांवर पांढऱ्या मातीचं पाणी फवारून बघतात, ऊन परतून जावं आणि कळ्यांना थोडी थंडी मिळावी म्हणून.