गावाचा टीव्ही, घरचा मोबाइल

२०२० साली शाळा बंद झाल्या आणि सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांतली मुले रेंज शोधत डोंगर चढू लागली. तेव्हा अनेकांना वाटले की हे दूरचे शिक्षण म्हणजे नवेच प्रकरण आहे. तसे नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आपल्याच देशात एक मोठा प्रयोग होऊन गेला होता.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताने शिक्षणासाठी वापरला. 'साइट' हे त्या प्रयोगाचे नाव. कल्पना विक्रम साराभाईंची. ते १९७१ च्या डिसेंबरात गेले आणि इस्रोतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तडीस नेली. कार्यक्रम व्यवस्थापक होते मूळ कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस.

सहा राज्यांतली २४०० गावे निवडली, तीही मुद्दाम मागास जिल्ह्यांतली. आपल्याला जवळचे जिल्हे म्हणजे विजापूर आणि गुलबर्गा. महाराष्ट्र आणि गोवा यादीत नव्हते. गावातल्या शाळेत किंवा पंचायतीत टीव्ही ठेवला. बाहेर अँटेना, तीही खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती आणि आरोग्य. वीज नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालत. बिघडला तर दुरुस्तीची सोयही सरकारनेच केलेली.

त्या पडद्यापुढे गावातले भेदभाव विरघळून गेले, असे मी म्हणणार नाही. शिवाय मुलाला पडद्याला प्रश्न विचारता येत नव्हता, आणि वर्ष संपताच उपग्रह परत गेला. पण एक गोष्ट खरी. धडा पाहायला कुणाच्या घरी टीव्ही असावा लागत नव्हता.

२०२० मध्ये नेमके उलटे झाले. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खेड्यांतल्या शंभरांपैकी जेमतेम १५ घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ घरांत. हे आकडे समोर असूनही शाळा मोबाइलवर गेली. घरात एकच फोन, तो सकाळी बाबांबरोबर कामावर जाणार आणि शिकणारी भावंडे तीन. मग कुणी शिकायचे, हे घरानेच ठरवायचे.

१९७५ मध्ये शिकवण्याचे साधन सरकारने गावात नेऊन ठेवले. २०२० मध्ये ते पालकांकडे मागितले. तंत्र कितीतरी पुढे गेले, जबाबदारी मात्र मागे आली. डोंगरावर बसलेल्या त्या मुलांना रेंज मिळाली की नाही, हा प्रश्न त्यांच्या घरांचा नव्हताच.