डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी

तेलंगणातील झहीराबाद परिसरात दलित व अल्पभूधारक स्त्रियांच्या गावसंघटनांमार्फत कोरडवाहू शेती, बियाणे आणि गावपातळीवरील धान्यसाठा यांचे काम करणारी स्वयंसेवी संस्था. स्थापना १९८३. मुख्य ठाणे पस्तापूर, जि. संगारेड्डी (२०१६ पूर्वी मेदक). झहीराबाद हैदराबादहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे १०० किमी.वर आहे, बीदर तिथून जवळच. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. तो शेजार ताटात अजून दिसतो: ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी.

संस्थेच्या संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश (१९४५–२०२३) हे मूळ म्हैसूरचे. पेशाने पत्रकार व दूरदर्शनचे निर्माते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेडोपाडी दूरचित्रवाणी नेण्याचा जो प्रयोग झाला, त्यात ते होते. पुढे त्यांनी पस्तापूरलाच बस्तान मांडले. गावागावांत स्त्रियांचे ‘संघम’ उभे राहिले. दिवसभर मजुरी करणाऱ्या बायकांना सवड रात्रीचीच, म्हणून बैठकाही रात्रीच भरत. बहराच्या काळात सुमारे ७५ गावांतल्या ५,००० स्त्रिया या संघमांच्या सभासद होत्या.

सुरुवातीचे काम मातीचे होते. सरकारी वाटपात दलित कुटुंबांना मिळालेली जमीन बहुधा मुरमाड, उतरती, कुणालाच नको असलेली. कागदोपत्री नाव लागले तरी पोटाला त्याचा उपयोग नव्हता. संघमच्या बायकांनी बांधबंदिस्ती केली, दगड वेचले, शेणखत आणि गाळ टाकला. आपल्याच शेतात राबून मजुरी मिळण्याची सोय संस्थेने केली आणि हीच गोष्ट निर्णायक ठरली. दुसऱ्याच्या बांधावर गेल्याशिवाय संध्याकाळची चूल पेटत नसेल, तर स्वतःचे शेत दुरुस्त करायला दिवस आणायचा कुठून?

संस्थेचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र रेशनच्या तांदळातून सुरू होते. १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशात २ रुपये किलोने तांदूळ देण्याची योजना आणली. योजना लोकप्रिय झाली, गरिबाला तिचा आधारही झाला. पण हा तांदूळ पिकत होता गोदावरी-कृष्णेच्या पाटपाण्यावर आणि खाल्ला जात होता जिथे भाताचे एक खाचरही नाही अशा कोरडवाहू गावांत. २ रुपयांच्या तांदळापुढे स्वतः पेरलेली ज्वारी महाग पडू लागली. हलक्या रानात पेरणी थांबली. पेरणी थांबली तसा कडबा गेला, कडबा गेल्यावर जनावरे विकली गेली, जनावरांबरोबर शेणखत संपले आणि पड पडलेले रान अधिकच नापीक झाले. खुरपणी-काढणीची मजुरी बुडाली ती वेगळीच. स्वस्त धान्याने भूक भागते हे खरे. त्या धान्याने इथे पुढच्या हंगामाची भूकही पेरली, हे धोरण आखणाऱ्यांच्या हिशेबात कुठेच नव्हते.

यावरचा उतारा म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यात संस्थेने केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालयाच्या साहाय्याने पर्यायी धान्यवितरणाची योजना राबवली. ३० च्या आसपास गावांत मिळून अडीच हजारांहून अधिक एकर पड जमीन निवडण्यात आली. जमीनमालकाला नांगरट, खत, बियाणे आणि मजुरीसाठी टप्प्याटप्प्याने आगाऊ रक्कम मिळे. फेड रोखीने नव्हे, पुढील काही वर्षे ज्वारीच्या रूपाने गावच्या धान्यनिधीत करायची. रासायनिक खत वापरायचे नाही. प्रत्येक गावात स्त्रियांची समिती आणि समितीतल्या प्रत्येकीकडे ठरावीक एकरांची देखरेख. पेरणी वेळेवर झाली का, खत खरेच पडले का, हे पाहायला तिला बांधावर जावे लागे. ज्यांच्या शेतावर ती आदल्या वर्षी मजुरीला जात होती, त्यांचाही हिशेब तिच्याकडेच आला. गावगाड्यातली ही उलथापालथ योजनेच्या कागदावर कुठेही लिहिलेली नव्हती.

संस्थेच्या नोंदींनुसार पहिल्याच वर्षी सुमारे ८ लाख किलो जादा ज्वारी पिकली. एकरी तीन क्विंटलच्या आसपास बसणारा हा आकडा कोरडवाहू हलक्या रानासाठी फुगवलेला वाटत नाही. निधीत जमा झालेले धान्य गावातच साठवले गेले आणि पावसाळ्यातल्या टंचाईच्या महिन्यांत गरजूंना बाजारापेक्षा बऱ्याच कमी दराने विकले गेले. गरजू कोण, हे तहसील कचेरीने ठरवले नाही. गावाने एकत्र बसून रांगोळीने जमिनीवर घरांचा नकाशा काढला आणि कोणते घर किती अडचणीत आहे याची प्रतवारी चारचौघांत लावली. सर्वांत हलाखीच्या घराला सर्वांत जास्त धान्य. विक्रीचे पैसे पुन्हा निधीत. दारिद्र्यरेषेच्या याद्यांचा अनुभव असलेल्या कोणालाही या पद्धतीचे मोल कळेल: शेजाऱ्यांच्या देखत खोटी गरिबी सांगणे अवघड असते.

बियाण्यांचे काम याच्या जोडीने वाढले. एका शेतात ज्वारी, तूर, मूग, उडीद, राळे, अंबाडी, तीळ, चवळी असे पंधरा-वीस प्रकार एकत्र पेरण्याची या भागातली रीत. रब्बीत जमिनीच्या ओलाव्यावर आणि दवावर हरभरा, करडई, जवस, शाळू. पाऊस एका पिकाला दगा देतो तेव्हा दुसरे तगते. संकरित वाण आणि नगदी पिके यांच्या रेट्यात हे प्रकार मागे पडले होते. घराघरांत उरलेले मूठ-पसा बी गोळा करून गावोगावी बियाणे-निधी उभे केले गेले. बांबूच्या टोपल्या शेणमातीने लिंपायच्या, बियांत राख आणि कडुनिंबाचा पाला घालायचा, वरून तोंड बंद करायचे. ही कणगी मराठवाड्यातल्या जुन्या घरांतही कालपरवापर्यंत होती. बी नेणारी सुगीनंतर दीडपट ते दुप्पट परत करते. सावकाराची सवाई-दिढी साऱ्यांना ठाऊक आहे. इथे वाढावा सावकाराच्या वाड्यावर न जाता पुढच्या वर्षी बी मागायला येणाऱ्या बाईसाठी राहतो. दरवर्षी संक्रांतीपासून महिनाभर सजवलेल्या बैलगाड्यांतून हे बियाणे गावोगाव मिरवले जाते आणि लोक त्याची पूजा करतात. लातूर-धाराशिवकडे येळवस हा शेतातला सण साजरा करणाऱ्याला या जत्रेत परके वाटणार नाही.

शेतात न पेरता उगवणाऱ्या भाज्यांची, म्हणजे तांदुळजा, घोळ यांसारख्यांची, संघमच्या स्त्रियांनी केलेली मोजदादही महत्त्वाची आहे. तणनाशक फवारले की हे फुकटचे जेवण जाते, हा त्यांचा साधा युक्तिवाद होता.

संस्थेचे ‘संघम रेडिओ’ हे केंद्र माचनूर गावी आहे. १९९० च्या दशकाअखेर युनेस्कोच्या मदतीने स्टुडिओ उभा राहिला, पण स्वयंसेवी संस्थांना प्रक्षेपणाचे परवाने देणारे धोरण येण्यास २००६ साल उजाडले. तोवर कार्यक्रम कॅसेटवर मुद्रित करून संघमच्या बैठकांत ऐकवले जात. १५ ऑक्टोबर २००८ रोजी प्रक्षेपण सुरू झाले. भारतातील ग्रामीण समुदाय रेडिओच्या आरंभीच्या केंद्रांपैकी हे एक असून ते दलित स्त्रिया चालवतात. याच स्त्रियांपैकी काहींनी कॅमेरा हाती घेऊन शेतीविषयक माहितीपटही केले. बीटी कपाशीवरचे त्यांचे काम विशेष गाजले.

भरडधान्यांना रेशनमध्ये स्थान मिळावे यासाठी सतीश यांनी देशभरातील गटांना जोडून ‘मिलेट नेटवर्क ऑफ इंडिया’ उभे केले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ व गव्हाबरोबर भरडधान्याचा १ रुपया किलो दराने समावेश झाला. संस्थेला २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. भरडधान्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्षातच, मार्च २०२३ मध्ये, सतीश यांचे निधन झाले. ज्वारी-बाजरीला शहरी दुकानांत आज जो भाव आहे, त्यामागे अशा संघटनांचा तीन दशकांचा आग्रह आहे. पण शहरातल्या पाकिटबंद बाजरीचा संघमच्या धान्यनिधीशी फारसा संबंध नाही.

या प्रयोगाला मर्यादाही आहेत. पर्यायी धान्यवितरणाची पद्धत राज्याने आपली म्हणून स्वीकारली नाही. ती निवडक गावांपुरती, बाहेरच्या निधीच्या आधाराने चालली. परिसरात ऊस, कपाशी, आले यांचे क्षेत्र आहे आणि रोख पैशाचे आकर्षण संघमच्या घरांनाही चुकलेले नाही. सर्वांत मोठा ताण जमिनीचा आहे. न्याळकल व झरासंगम या मंडलांत सुमारे १२,६०० एकरांवर राष्ट्रीय गुंतवणूक व उत्पादन क्षेत्र नियोजित असून, भूसंपादनाला विरोध करणाऱ्या गावांत मिश्रपिकाची काळी रानेही आहेत. शेत पड पडले होते तेव्हा ते परत पेरण्याची युक्ती या स्त्रियांना सापडली होती. भूसंपादनापुढे ती चालत नाही.