पाठदुखी, गुडघेदुखी आणि मापाचे इनसोल

तुमच्याच पायाच्या ठशावरून बनवलेला, बुटाच्या आत बसणारा तळ म्हणजे मापाचा इनसोल. डॉक्टर त्याला ऑर्थोटिक म्हणतात.

काम कसं करतो? तळव्याची कमान सपाट असली की चालताना घोटा आत झुकतो आणि गुडघाही आत वळतो. एक पाय आखूड असेल तर कंबर कलते. इनसोल कमानीला आधार देतो, उंचीतला फरक भरून काढतो.

घरी कसं ओळखाल? ओल्या पायाने फरशीवर उभे राहा. पूर्ण तळवा उमटला तर पाय सपाट. पण दुखत नसेल तर इलाजाची गरज नाही.

फायदा कुणाला? टाचदुखीत बऱ्याच जणांना आराम पडतो. शुगरवाल्यांच्या तळव्यावरचा दाब कमी होतो. मात्र गुडघ्याची झीज इनसोलने भरून येत नाही. इनसोलने पाठदुखी टळत नाही, असं कॉक्रेनच्या 2007 च्या आढाव्यात दिसलं. शिवाय घरात, नमाजला आपण अनवाणीच असतो. म्हणून वजन आणि मांड्यांचे व्यायाम आधी, इनसोल नंतर.

कुठे जायचं? आधी हाडांच्या डॉक्टरांकडे. इनसोल त्यांच्या चिठ्ठीवरूनच बनवा. मांजरीहून हडपसरमार्गे गेलं की वानवडीला 1944 पासूनचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. जवानांसाठी सुरू झालेलं हे केंद्र नागरिकांनाही सेवा देतं.

पाय बधिर होत असेल किंवा ताकद जात असेल तर इनसोलच्या नादात वेळ घालवू नका, लगेच दवाखाना गाठा.