येतों म्हणजे जातों

निरोप घेणारा मराठी माणूस ‘येतों’ म्हणतो आणि चालूं लागतो. जागचा न हललेला ‘आलोंच’ म्हणून सांगतो. एकदां वर्तमानकाळानें, एकदां भूतकाळानें आपण भविष्यच बोलतों. असल्या भाषेंत वाढलेल्यास इंग्रजी काळांचा काटेकोरपणा नुसत्या भाषांतरानें उमजत नाहीं. तो बोलूनच अंगवळणीं पडतो. आणि एके काळीं स्त्रियांना बोलण्याचीच चोरी होती.

निफाड येथें १८४२ सालीं जन्मलेले महादेव गोविंद रानडे १८७८ सालीं न्यायाधीश म्हणून नाशकास आले. १८७३ सालीं, अकराव्या वर्षीं, त्यांच्या घरीं आलेल्या रमाबाईंना त्यांनींच शिकविलें होतें. इंग्रजीच्या अभ्यासापायीं रमाबाईंना घरांतल्या बायकांचा रोष सोसावा लागला. नाशकास त्यांनीं पहिलें जाहीर भाषण केलें. तें रानड्यांनीं लिहून दिलें होतें. पुढें पुण्यास मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठीं त्यांनीं गव्हर्नरांसमोर इंग्रजी निवेदन वाचलें. १८८४ सालीं तें हायस्कूल निघालें.

परभाषेंत असा धीर कमावणाऱ्या रमाबाईंच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या, त्या मात्र मराठींत. आणि तेथले शब्द कोणीं लिहून दिलेले नव्हते.