आठवणीतले पुस्तक आणि छापलेले पुस्तक

अल्लादीनची गोष्ट कुठे घडते? लहानपणी ती वाचलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला तर बहुधा उत्तर येते, बगदादमध्ये. जिन्न किती? एक. वर किती? तीन. आता ती गोष्ट उघडून पाहावी. ती चीनमधल्या एका शहरात घडते. जिन्न दोन आहेत, एक अंगठीचा आणि एक दिव्याचा. मागण्यांना मर्यादा कसलीच नाही. अल्लादीन जेवणाच्या ताटांपासून राजवाड्यापर्यंत वाटेल ते मागत राहतो. तीन वरांची अट आजच्या वाचकांच्या मनात पक्की केली ती १९९२च्या डिस्नेच्या चित्रपटाने. आणखी पुढचे म्हणजे, अरबीतल्या जुन्या हस्तलिखितांत ही गोष्टच सापडत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आंत्वान गालाँ या फ्रेंच विद्वानाने ती आपल्या भाषांतरात घातली. त्याने ती ऐकली होती हन्ना दियाब या अलेप्पोच्या तरुणाकडून.

वाचकाची आठवण कच्ची असते, एवढे म्हणून इथे थांबता येईल. पण अभ्यास खरा सुरू होतो तो इथूनच. बगदाद, एकुलता जिन्न आणि तीन वर हे कोणी पाठ करून घेतलेले नव्हते. मासिकातली चित्रे, थिएटरात पाहिलेला सिनेमा, आजीने सांगताना घातलेली भर, शेजारच्या मुलाने रंगवून सांगितलेला शेवट, या सगळ्यांतून वाचकाने स्वतःचे एक पुस्तक घडवले. आवडते पुस्तक म्हणून तो ज्याच्याविषयी जीव तोडून बोलतो ते हेच. दोन माणसे लहानपणीच्या अद्भुतकथांची तुलना करत बसतात तेव्हा त्यांच्यामध्ये चार पुस्तके असतात: दोन छापलेली आणि दोन कुठेही न छापलेली. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने ही चारही पुस्तके सारख्याच आदराने हाताळावीत, एवढेच मला या प्रस्तावनेत पटवून द्यायचे आहे.

ही दृष्टी आजची नव्हे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांचा स्मरणावरचा प्रसिद्ध ग्रंथ १९३२चा. त्यांनी इंग्लंडमधल्या वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांच्या लढाईची कथा वाचायला दिली आणि मग काही काळाच्या अंतराने ती पुन्हा पुन्हा आठवून लिहायला सांगितली. दर खेपेला कथा बदलत गेली. लाकूड कोरून केलेल्या होडक्यांच्या साध्या नावा झाल्या, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, आणि ज्या भुतांवर कथा उभी होती ती भुतेच काहींच्या लेखनातून नाहीशी झाली. अपरिचित ते गळाले, परिचित ते भरले गेले. बार्टलेट यांनी नेमकी अद्भुतकथा निवडली हे आपल्या दृष्टीने मोलाचे आहे, कारण माणसाचे मन स्वतःहून काय भरते हे अद्भुतात सर्वांत स्पष्ट दिसते. अलीकडे, २०१९मध्ये, अ‍ॅलिसन वॉलर यांचा बालपणीच्या पुस्तकांच्या पुनर्वाचनावरचा ग्रंथ आला. प्रौढ वाचकांनी आधी काय आठवले आणि तेच पुस्तक पुन्हा हातात घेतल्यावर काय वाटले, हा त्यांचा विषय. आठवणीची चूक पकडणे हा त्यांचा हेतू नाही, आणि आपलाही नसावा.

मराठी वाचकाकडे या अभ्यासासाठी जी सामग्री आहे तिची श्रीमंती पुरेशी कोणी मोजलेली नाही, असे मला ठामपणे वाटते. आपले छापील बालवाङ्मय सुरुवातीपासून बाहेरून आलेल्या गोष्टींवर पोसले गेले. तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६मध्ये इसापाच्या कथा मराठीत आल्या. श्रीरामपूरच्या छापखान्यातून सिंहासनबत्तिशी आली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची वेताळपंचविशी १८३०ची. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या आणि विष्णुशास्त्र्यांनी त्या कामाला हात लावला. म्हणजे मराठी मुलाच्या मनातली पहिली छापील जादू संस्कृत, ग्रीक आणि अरबी अशा तीन वाटांनी आली. चौथी वाट घरातलीच होती. श्रावणातल्या कहाण्यांमधले आटपाट नगर पुस्तकाआधी कानावर पडलेले असे. आपल्याकडे आवडते पुस्तक विचारले की उत्तरात पुष्कळदा पुस्तकच नसते, सांगणारा माणूस असतो. ते उत्तरही नोंदवावे. दुर्गाबाई भागवतांनी १९५६मध्ये लोकसाहित्याची रूपरेषा लिहिली. मौखिक कथेकडे शिस्तीने कसे पाहावे हे शिकायला मराठीत त्याहून चांगली सुरुवात मला ठाऊक नाही.

सर्वाधिक थांबावे असे ठिकाण मात्र ‘चांदोबा’. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये हे मासिक काढले. मराठी चांदोबा १९५२मध्ये आला. कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी ते दीर्घकाळ संपादित केले, आणि त्यातल्या लांबलचक अद्भुत मालिका कित्येक वर्षे दासरी सुब्रह्मण्यम लिहीत होते. मराठी वाचकांना त्यांचे नाव क्वचितच ठाऊक असते. राक्षस, मांत्रिक, पाताळातले किल्ले, पंख असलेले प्राणी हे सारे मूळ तेलुगूत लिहिले गेले, मद्रासला चित्रित झाले आणि सांगली-लातूरच्या घरांत वाचले गेले. चित्रांतली देवळे गोपुरांची, दागिने दक्षिणेचे. पण ‘पूर्वी’ म्हटले की असंख्य मराठी वाचकांच्या डोळ्यांसमोर अजून तोच देखावा उभा राहतो. आपला भूतकाळ कसा दिसत होता याची कल्पना एका पिढीला मद्रासच्या चित्रकारांनी दिली, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांतही यायला हवी.

विक्रम-वेताळाचे उदाहरण तर या विषयाचा गाभाच आहे. मूळ कथामालिका पंचवीस गोष्टींची. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात ती घेतली. तिला शेवट आहे, आणि तो थरारक आहे: शेवटच्या प्रश्नाला राजाकडे उत्तर नसते, तो गप्प राहतो, वेताळ प्रसन्न होऊन त्याला सावध करतो की ज्या साधूसाठी तू हे प्रेत नेतो आहेस तो तुझाच बळी देणार आहे, आणि राजा त्या साधूला युक्तीने मारतो. चांदोबाने चौकट घेतली, नव्या गोष्टी रचल्या आणि दर महिन्याला वेताळाला झाडावर परत पाठवले. पंचवीसच्या शेकडो झाल्या. मासिक २०१३मध्ये बंद पडेपर्यंत राजा चालतच राहिला. त्यामुळे केवळ चांदोबा वाचलेल्या माणसाला विचारा, साधूचे पुढे काय झाले? साधू होता हेच अनेकांना आठवत नाही. आठवते ते शंकर यांनी काढलेले चित्र: हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. के. सी. शिवशंकरन हे त्यांचे पूर्ण नाव. ते २०२०मध्ये वारले. सोमदेवाच्या वाचकाला ही कथा राजाच्या सुटकेची वाटते, चांदोबाच्या वाचकाला ती न संपणाऱ्या कर्तव्याची. कथा एक, पण तिच्यातून घडलेली बालपणे वेगळी.

आता याच्या शेजारी भा. रा. भागवतांना ठेवा. लुइस कॅरोलची अ‍ॅलिस १८६५ची. भागवतांनी तिची जाई केली. ‘जाईची नवलकहाणी’ आणि ‘आरसेनगरीत जाई’ ही त्यांची दोन पुस्तके. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही त्यांनी मराठी मुलांना दिल्या, ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यांतली. चांदोबातला राजपुत्र आणि जाई यांच्यातला मुख्य फरक दाराचा आहे. राजपुत्र अद्भुताच्या आतच जन्मतो. राक्षस भेटला की तो घाबरतो, पण राक्षस असतो कसा असे त्याला वाटत नाही. जाई घरातून निघते, बिळातून किंवा आरशातून पलीकडे जाते, प्रत्येक गोष्टीचे नवल करते आणि परत येते. सी. एस. लुइसच्या १९५०च्या पुस्तकातले कपाट आणि रोलिंगच्या हॅरीचा पावणेदहा क्रमांकाचा फलाट याच जातीचे. फॅरा मेंडलसन यांनी २००८मध्ये अद्भुतकथेचे जे प्रकार पाडले त्यांत हा भेद नीट मांडला आहे: दारातून जाण्याच्या कथा, आतच राहण्याच्या कथा, अद्भुत आपल्या घरात घुसण्याच्या कथा, आणि उंबरठ्यावर रेंगाळणाऱ्या कथा. वर्गवारी उपयोगी आहे, पण ती प्रामुख्याने इंग्रजी पुस्तकांवरून केलेली आहे. आपल्या कहाण्यांत देव भिकाऱ्याच्या रूपाने दाराशी येतो, जेवतो आणि निघून जातो, घरातल्या कोणाला त्यात अशक्य काही दिसत नाही. ही कथा कोणत्या खणात घालायची, हा प्रश्न मराठी अभ्यासकाने विचारला पाहिजे. त्याचे उत्तर आयते मिळणार नाही.

रंगभूमीकडे धावती नजर टाकतो. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ उभे केले, आणि पुढे मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण कित्येक मुलांनी प्रत्यक्ष पाहिली. ही मुले मोठी झाल्यावर चेटकिणीचे पुस्तक सांगतात तेव्हा आवाज नाटकातला असतो. विंदांचा ‘एटू लोकांचा देश’ पाठ असणाऱ्यांना त्याचा पुस्तक म्हणून आकार आठवत नाही, ताल आठवतो. मॉस्कोहून थेट मराठीत छापून येणारी स्वस्त, देखणी पुस्तके, त्यांचे अनुवादक अनिल हवालदार आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर तो ओघ एकाएकी आटणे, यावर कोणीतरी स्वतंत्र ग्रंथ लिहावा. आणि भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने मराठीत आणलेला हॅरी पॉटर वाचलेली मुले आता तिशीत आहेत. त्यांची आठवण अजून ताजी आहे, तोवर ती टिपून घ्यावी.

एका गोष्टीची तयारी ठेवावी लागते. लाडके पुस्तक पुन्हा उघडल्यावर मन खट्टू होते. शूर राजपुत्राला बक्षीस म्हणून अर्धे राज्य आणि राजकन्या मिळते, आणि तिला कोणी काही विचारत नाही. राक्षस काळाच असतो. सावत्र आई वाईटच असते. हे लहानपणी दिसले नव्हते, आता दिसते. अशा वेळी पुस्तक फेकून देणारे वाचक भेटतात, आणि तेव्हा सगळे असेच होते म्हणत पांघरूण घालणारेही. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. ते पुस्तक त्या मुलाला अंधाराची भीती झेलायला शिकवत होते आणि त्याच पानावर काळ्या रंगाची भीतीही शिकवत होते. अभ्यासकाने दोन्ही लिहून ठेवावे. आठवणीने यांतले काय ठेवले आणि काय पुसले, हे पाहावे. ज्या मुलांच्या घरी पुस्तक विकत घेणे शक्यच नव्हते त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. १९७१पासून बालभारतीचे ‘किशोर’ जिथे शाळेमार्फत पोचले तिथली उत्तरे शहरी वाचनालयांतल्या उत्तरांहून वेगळी निघतील, अशी माझी खात्री आहे.

पद्धत साधी आहे, क्रम मात्र पाळावा. आधी आठवणीतले लिहून काढावे: पुस्तक कोणी दिले, कुठे बसून वाचले, मुखपृष्ठाचा रंग, भीती वाटलेला प्रसंग, शेवट. आठवत नसलेल्या जागा कोऱ्या सोडाव्यात, अंदाजाने भरू नयेत. मगच छापील प्रत शोधावी, आणि शक्यतो तीच आवृत्ती, कारण चित्रकार बदलला की पुस्तक बदलते. त्यानंतर दुसऱ्या वाचकाशी तुलना करावी.

अडचण येते ती प्रत शोधताना. मुलांची पुस्तके हाताळून फाटतात, वाचनालये ती नोंदवहीतून काढून टाकतात, मासिकांचे अंक रद्दीत जातात. तेव्हा हे वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: घरातल्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत चांदोबाचे, किशोरचे, बालमित्रचे अंक किंवा पाने सुटलेली पुस्तके असतील तर ती विकू नका. मुखपृष्ठ नसले तरी चालेल, आत कोणा मुलाने पेन्सिलीने काही लिहिले असेल तर ते खोडू नका. जवळच्या ग्रंथालयाला द्या, आणि सोबत एका कागदावर लिहून द्या की हे कोणी, कुठल्या गावी, कितव्या वर्षी वाचले होते.